जुना व्हिडिओ गेम कन्सोल हाती आल्यावर आधी काय करायचं?

पहिलं म्हणजे, लगेच चालू करून बघू नकोस. अडॅप्टर तपास. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही. निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलसोबत येणारा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला लागतो डीसी. अदलाबदल झाली तर मेगा ड्राइव्हचा बोर्ड जळू शकतो. व्होल्टेज, एसी की डीसी आणि ध्रुवता (पिनचा आतला भाग प्लस की मायनस), तिन्ही लेबलवर वाचून घे.

कार्ट्रिज, म्हणजे गेमची डबी, चालत नसेल तर फुंकर मारू नकोस. आपण सगळ्यांनी लहानपणी तेच केलं, पण तोंडातल्या ओलाव्यानं संपर्कपट्ट्या गंजतात. ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची कापसाची काडी घे, काळं निघायचं थांबेपर्यंत पूस. निन्टेन्डोच्या कार्ट्रिजचे स्क्रू ३.८ मिमीच्या खास बिटनं (स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं) उघडतात, कन्सोलचे बहुधा ४.५ मिमीच्या. पेन वितळवून केलेल्या जुगाडानं स्क्रूचं डोकं खराब होतं, थोडे पैसे घालून बिटच घे.

खेळातली प्रगती सेव्ह होत नसेल तर कार्ट्रिजच्या आतली बॅटरी संपली असेल. निन्टेन्डोच्याच सुपर निन्टेन्डो कन्सोलच्या कार्ट्रिजमध्ये बहुतेक सीआर२०३२ असते. ती काढली की जुने सेव्ह जातात, म्हणून आधी त्यांची प्रत काढून ठेव. कुणाच्या तरी बालपणाचा खेळ असतो तो! नवी बॅटरी पत्र्याच्या पट्ट्या जोडलेलीच आण, सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नकोस, तो तापून फुटू शकतो.

सेगाचा हातात धरून खेळायचा गेम गिअर मात्र पहिल्या दुरुस्तीला घेऊ नकोस. त्यातले कपॅसिटर हमखास गळतात आणि त्यांतला द्रव बोर्डही खातो.