डांबराच्या गोळ्या आणि फ्रान्सचे भूमिगत सेनापती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिनेमात टोपीवाला शेतकरी रेल्वेचे रूळ उडवतो आणि रात्री इंग्लंडहून विमानं बंदुका टाकून जातात. मग १९४० ते ४४ या काळात फ्रान्समधल्या जर्मनांविरुद्धच्या या भूमिगत लढ्याला लष्करी डोकं होतं का, की देशाबाहेर गेलेले जनरल द गॉल लंडनमध्ये बसून सगळं चालवत होते?

डोकं होतं. खरं तर एकापेक्षा जास्त होती, आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. पण आधी हे लक्षात घ्या की १९४० मध्ये हरलेल्या फ्रेंच सैन्यातले बहुतेक अधिकारी जर्मनांशी तह करणाऱ्या मार्शल पेतँ यांच्या सरकारच्या आज्ञेत होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांनी दक्षिण फ्रान्सही ताब्यात घेतला आणि उरलंसुरलं सैन्य बरखास्त झालं, तेव्हा कुठे त्यांच्यातले काही हलले. बाकीच्यांनी गणवेश घडी घालून पेटीत ठेवला.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट जनरल शार्ल देलेस्त्रँ यांची. जन्म १८७९ चा, रणगाड्यांचे जाणकार, १९३९ मध्ये निवृत्त, युद्धासाठी परत बोलावलेले. १९४० मध्ये आबव्हीलला लढणारे द गॉल त्यांच्या हाताखाली होते. १९४२ मध्ये हे साठी ओलांडलेले गृहस्थ बूर्ग-आँ-ब्रेस या गावात शांतपणे राहत होते. तेव्हा दक्षिणेतल्या तीन मोठ्या संघटनांच्या सशस्त्र तुकड्या एकत्र करून 'गुप्त सेना' उभारायचं ठरलं आणि सेनापती कोण यावर घोडं अडलं. 'काँबा' संघटना उभी करणारे कॅप्टन आँरी फ्रेने यांना ते पद स्वतःलाच हवं होतं. इतरांना ते नको होते. तडजोड म्हणून बाहेरचा, वयाने मोठा, कुठल्याच गटाचा नसलेला माणूस शोधला. अशा रीतीने द गॉल यांनी आपल्याच जुन्या साहेबांची नेमणूक केली, शिष्याने गुरूची. देलेस्त्रँ यांनी ती निमूट स्वीकारली, हे मला त्यांच्या पदकांपेक्षा मोठं वाटतं.

भांडण मात्र मिटलं नाही. फ्रेने म्हणायचे, पोरं आज जंगलात आहेत, त्यांना आज लढू द्या. देलेस्त्रँ म्हणायचे, दोस्तांचं सैन्य किनाऱ्यावर उतरेल त्या दिवसापर्यंत शक्ती राखून ठेवा. दोघांचंही काही अंशी बरोबर होतं.

आता ९ जून १९४३ ची सकाळ पाहा. पॅरिसमधलं ला म्यूएत हे मेट्रो स्टेशन, देलेस्त्रँ यांची नऊ वाजताची भेट. या भेटीचा निरोप ल्योंमधल्या एका गुप्त टपालपेटीत सांकेतिक भाषेत न लिहिता, सरळ फ्रेंचमध्ये टाकलेला होता, आणि ती पेटी गेस्टापोला, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांना, ठाऊक झालेली होती. ठरलेल्या जागी एक अनोळखी माणूस आला, 'ज्यांना भेटायचंय त्यांनीच मला पाठवलंय' म्हणाला. जनरलसाहेबांनी विश्वास ठेवला. वर हेही सांगून टाकलं की माझे दोन सहकारी र्यू द ला पाँप स्टेशनवर थांबलेत. म्हणजे त्याच मार्गावरचं अगदी पुढचं स्टेशन, जेमतेम दोन मिनिटांवर. जर्मन तिकडे गेले आणि त्या दोघांनाही उचलून आणलं.

हा मूर्खपणा नव्हता. चाळीस वर्षं ज्या माणसाने समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हेच शिक्षण घेतलं, त्याला एका रात्रीत लबाडी जमत नाही. खोटं नाव, पाठलाग चुकवणं, निरोप चघळून गिळणं, या गोष्टी पत्रकार आणि कामगार चळवळीतली माणसं पटकन शिकली. जनरल लोकांना त्या जड गेल्या.

त्यांच्या जागी तात्पुरतं कोण, हे ठरवायला २१ जूनला ल्योंजवळच्या काल्यूरमध्ये एका डॉक्टरच्या घरी बैठक भरली. तिथेच द गॉल यांचे फ्रान्समधले प्रतिनिधी जाँ मुलँ ल्योंमधला गेस्टापो अधिकारी क्लाउस बार्बी याच्या हाती सापडले. म्हणजे मेट्रोतली एक चूक कुठपर्यंत गेली बघा. देलेस्त्रँ यांना आधी नाट्सवायलर-श्ट्रुटहोफ आणि मग डाखाऊच्या छावणीत नेलं. १९ एप्रिल १९४५ ला त्यांना मारलं, आणि दहा दिवसांनी अमेरिकन सैन्य तिथे पोहोचलं.

त्याच श्ट्रुटहोफमध्ये जनरल ओबेर फ्रेरही होते. बरखास्त सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी काढलेल्या वेगळ्या भूमिगत संघटनेचे ते पहिले प्रमुख. ऑगस्ट १९४० मध्ये द गॉल यांना गैरहजेरीत देहदंड सुनावणाऱ्या लष्करी न्यायालयाचे अध्यक्षही हेच. जून १९४३ मध्ये पकडले गेले आणि वर्षभराने छावणीतच वारले. द गॉलचे जुने साहेब आणि त्यांना देहदंड सुनावणारे न्यायाधीश, दोघे एकाच कुंपणात.

डोंगरातली गोष्ट वेगळी. फेब्रुवारी १९४३ मध्ये तरुणांना सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीत पाठवण्याचा कायदा आला आणि हजारो पोरं रानात पळाली. त्यांना स्टेनगन धरायला शिकवणारं कुणीतरी हवं होतं, आणि इथे प्रशिक्षित अधिकारी खरोखर उपयोगी पडले. पण त्यांची एक खोड गेली नाही: जागा धरून बसायची. ग्लिएरच्या पठारावर लेफ्टनंट तॉम मोरेल हा अवघ्या २८ वर्षांचा अधिकारी होता. मार्च १९४४ मध्ये एका छाप्यात पकडलेल्या फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याने लपवलेलं पिस्तूल काढून त्याला मारलं, आणि मार्च संपायच्या आत पठारही गेलं. वेरकोरच्या डोंगरात तर नार्सिस गेयेर हा घोडदळाचा अधिकारी, ल्योंच्या बराकीतून रेजिमेंटचं निशाण घेऊन घोड्यावर बसून निघालेला, डोंगरातही घोड्यावरूनच फिरायचा! जुलैत जर्मन ग्लायडर थेट व्हासिओ गावाजवळच्या धावपट्टीवर उतरले. दोस्तांच्या विमानांसाठी भूमिगतांनी स्वतःच्या हातांनी तयार करायला घेतलेली ती धावपट्टी. पांगायचा हुकूम निघाला तो त्यानंतर, २३ जुलैला.

गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला वाटतं, पठार सोडून आधीच का नाही गेले? लिमूझँमधल्या जॉर्ज गँग्वँ या कम्युनिस्ट शाळामास्तराने नेमकं तेच केलं. डिसेंबर १९४२ मध्ये त्याने गवताचे गठ्ठे बांधणारी यंत्रं उडवली, म्हणजे चारा जर्मनांकडे जायला नको. पुढे तो शेतमालाच्या भावाची पत्रकं चिकटवायचा, खाली सही 'माकीचा प्रीफेक्ट', म्हणजे रानातल्या फौजेचा जिल्हाधिकारी. शेतकरी ते भाव पाळायचे. जून १९४४ मध्ये पक्षाने लिमोज शहर ताबडतोब घ्यायला सांगितलं. त्याने नकार दिला. शेजारच्या त्यूलमध्ये घाई झाली आणि ९ जूनला हिटलरच्या एसएस दलाने ९९ जणांना बाल्कन्यांवर आणि खांबांवर फाशी दिलं. गँग्वँने २१ ऑगस्टला लिमोज घेतलं. त्याच पक्षाने नंतर त्याला काढून टाकलं, ती वेगळी आणि कडवट कहाणी.

तुम्ही स्त्रियांबद्दलही विचारलं होतंत. 'अलियाँस' हे हेरजाळं एका लष्करी अधिकाऱ्याने काढलं, तो पकडला गेल्यावर मारी-मादलेन फुरकाद यांनी चालवलं. हवाई दलाचा अधिकारी त्यांच्या हाताखाली होता. प्रमुख बाई आहे हे ब्रिटिशांना बरेच महिने कळूच दिलं नव्हतं.

आणि पॅरिस. ऑगस्ट १९४४ च्या उठावात तिथल्या भूमिगत फौजेचा प्रमुख होता आँरी रोल-तांगी, धातुकामगार, स्पेनच्या यादवीत लढलेला. दाँफेर-रोशरोखालचं त्याचं तळघर आता संग्रहालयात पाहता येतं. शंभर पायऱ्या उतरून जावं लागतं. माझे गुडघे येताना बोलले. २५ ऑगस्टला जर्मनांच्या शरणागतीच्या कागदावर द गॉल यांच्या सैन्यातले जनरल लक्लेर्क यांच्याबरोबर या कामगाराचीही सही घेतली, म्हणून द गॉल लक्लेर्कवर चिडले.

त्याच उन्हाळ्यात पेट्या उघडल्या आणि इस्त्रीचे गणवेश घातलेले अधिकारी रस्त्यांवर दिसू लागले. चार वर्षं भूमिगत राहिलेल्यांनी त्यांना नाव ठेवलं 'नाफ्तालिने', डांबराच्या गोळ्यांतले.