कार्बनच्या पोकळ गोळीला गोलाई कशामुळे येते?

प्रश्न : कार्बनच्या साठ अणूंची पोकळ गोळी असते, असे वाचनात आले. ग्राफाइटही कार्बनचेच, मग त्याचे थर सपाट आणि ही गोल कशी? कोराडीच्या वीज केंद्राच्या राखेतही सूक्ष्म पोकळ गोळ्या असतात म्हणतात. त्या याच का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : राखेतल्या गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही. दगडी कोळशातील खनिजे भट्टीत वितळून त्या तयार होतात, मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनाच्या असतात आणि आकाराने हजारो पटींनी मोठ्या असतात. कार्बनच्या गोळीचा, म्हणजे फुलरीनच्या रेणूचा, व्यास जेमतेम ०.७ नॅनोमीटर भरतो.

गोलाईचे कारण पंचकोनांत आहे. ग्राफाइटच्या थरात प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांशी जोडलेला असतो आणि सगळे षटकोनच असल्यामुळे थर सपाट राहतो. त्यात पंचकोन आला, की पृष्ठभाग वाकतो. आणि केवळ पंचकोन-षटकोनांनी असा पिंजरा पूर्ण बंद करायचा, तर पंचकोन नेमके १२च लागतात, हे गणिताने सिद्ध होते. साठ अणूंच्या गोळीत १२ पंचकोन आणि २० षटकोन असतात. काळ्या-पांढऱ्या तुकड्यांच्या जुन्या पद्धतीच्या फुटबॉलवर शिवणींच्या कोणत्याही कोपऱ्यावर बोट ठेवून पाहा : तिथे एक पंचकोन आणि दोन षटकोन मिळतात. प्रत्येक अणूचे स्थान असे सारखेच असते, आणि दोन पंचकोन कुठेही एकमेकांना चिकटत नाहीत. अशी रचना साध्य होणारा हा सर्वांत लहान पिंजरा असून, त्याच्या विलक्षण स्थैर्याचे श्रेय मला तरी प्रामुख्याने यालाच द्यावेसे वाटते.

क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना ही गोळी १९८५ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात, ग्राफाइटवर लेसर मारताना सापडली. १९९६चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. मात्र ती हाताळण्याइतकी मिळू लागली १९९०पासून, हेलियम वायूत ग्राफाइटच्या कांड्यांमध्ये विद्युत कमान पेटवून जमवलेल्या काजळीतून.

तिचे गुणधर्मही रचनेतूनच येतात. घनरूपात गोळ्या एकमेकींना क्षीण बलांनीच धरून असतात, त्यामुळे सामान्य तापमानाला त्या जागच्या जागी गरगर फिरत राहतात. हिरा किंवा ग्राफाइट टोल्युइनमध्ये विरघळत नाहीत, ही मात्र विरघळते आणि द्रावणाला सुंदर जांभळा रंग येतो. ती इलेक्ट्रॉन सहज स्वीकारते, एकावेळी सहापर्यंत. दर गोळीमागे पोटॅशियमचे तीन अणू मिसळले, तर तो घन पदार्थ सुमारे १९ केल्विनच्या खाली अतिवाहक होतो, म्हणजे विजेला त्यात अजिबात रोध उरत नाही.