‘मी चादर विणली’ की ‘विणलो’?

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातील शाळेत मी मराठी शिकवते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी काही मुले ‘मी चादर विणलो’ असे लिहितात. कर्मणी प्रयोग समजावला, की ‘मी’ला ‘ने’ नाही, मग हा कर्मणी कसा, असे विचारतात. आधुनिक वाक्यविन्यासशास्त्र याचे काय उत्तर देते?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : मुलांची शंका रास्त आहे. तेलुगू आणि कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते; मराठीत मात्र ‘शिकणे’, ‘विसरणे’ अशी मोजकी क्रियापदे सोडल्यास भूतकाळी सकर्मक क्रियापद प्रत्यय नसलेल्या कर्माप्रमाणे बदलते : ‘विणकराने चादर विणली’, ‘विणकराने रुमाल विणला’.

‘मी’ला ‘ने’ दिसत नसला तरी तेथे तृतीया आहेच, आणि ती उघडी पाडता येते. सर्वनामाला लागून एखादे नाम ठेवून पाहा : ‘आम्ही विणकर चादरी विणतो’, पण ‘आम्ही विणकरांनी चादरी विणल्या’. ‘आम्ही’ जागचे हलले नाही. विभक्ती शेजारच्या नामावर दिसली. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या परंपरेतील व्याकरणात म्हणूनच विभक्ती आणि तिचा कानावर पडणारा प्रत्यय या दोन वेगळ्या गोष्टी मानतात.

क्रियापद चादरीप्रमाणे चालले म्हणून चादर कर्ता होत नाही, हेही मुलांना दाखवावे. ‘विणकराने आपली चादर विकली’ या वाक्यात ‘आपली’ हा शब्द कर्त्याकडे बोट दाखवतो, म्हणून चादर विणकराचीच, आणि ‘आपली चादर विणकराने विकली’ असा क्रम फिरवला तरी ती त्याचीच राहते. म्हणजे कर्तेपण एकीकडे आणि क्रियापदाची जुळणी दुसरीकडे. जोन ब्रेस्नन आणि रोनाल्ड कॅप्लन या भाषाशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस जी पद्धत मांडली, तिच्यात शब्दांचा क्रम व गट एका आराखड्यात आणि कर्ता-कर्म हे संबंध दुसऱ्या आराखड्यात दाखवतात. शब्दक्रम सैल असलेल्या मराठीला मला ही पद्धत अधिक सोयीची वाटते. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या व्याकरणातली प्रयोगचर्चा त्यामुळे बाद ठरत नाही. वर्गात ‘कर्मणी’, ‘भावे’ ही नावे खुशाल वापरावीत.

शेवटी फळ्यावर ‘तू चादर विणलीस’ हे वाक्य लिहा. त्यातली ‘ली’ चादरीमुळे आली आहे आणि ‘स’ मात्र ‘तू’मुळे. मुलांचा कर्ता क्रियापदातून पुरता गेलेला नाही.