जबाबदार एआयसाठी इतके देश एकत्र येतात, जाहीरनामे काढतात, त्यातून सामान्य माणसाच्या हाती काय लागतं? की सगळं कागदावरच राहतं? असं तुम्ही विचारलंत.

माझं कोल्हापुरात खत-औषधांचं दुकान आहे, तेव्हा दुकानातलंच सांगतो.

मागच्या लावणीच्या हंगामात करवीर तालुक्यातले एक आप्पा आले. उसात तणनाशक मारायचं होतं. "म्या मोबाईलला इचारलंय, पंपाला एवढं घाल म्हंतोय," म्हणत त्यांनी फोन पुढं केला. आकडा बघून माझ्या पोटात गोळाच आला. लेबलवरचं एकराचं प्रमाण फोनमधल्या एआयनं एका पंपाला सांगितलं होतं! पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा, एकराला असे दहा-बारा लागतात. तणाबरोबर ऊसही गेला असता. मी तोच प्रश्न इंग्रजीत टाकला. तिथं त्यानं आधी विचारलं, पंप किती लिटरचा? वर लेबल वाचा, हातमोजे घाला हेही बजावलं. मराठीत मात्र नुसता आकडा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. जाहीरनाम्यांबद्दलची तुमची शंका खरी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडात ब्लेचली पार्कला २८ देश आणि युरोपीय संघ एआयच्या सुरक्षिततेबद्दलच्या एका जाहीरनाम्यावर एकत्र आले. भारत, चीन, अमेरिका तिघेही त्यात होते, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या कागदानं कुणावर बंधन येत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या पॅरिसमधल्या एआय परिषदेचं सहअध्यक्षपद भारताकडे होतं, तिथल्या निवेदनावर अमेरिका आणि ब्रिटननं सहीच केली नाही. युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला, त्यात जबर दंड आहे, पण तो तिथल्या लोकांसाठी. आप्पांच्या फोनमधलं मॉडेल, म्हणजे उत्तरं देणारी एआय यंत्रणा, तयार होतं सातासमुद्रापार आणि नुकसान होतं करवीरच्या रानात. एकट्या देशाच्या कायद्यानं हे पुरतं आवरत नाही, म्हणून सगळ्यांनी एकत्र बसायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

माझा भरवसा आहे तो या परिषदांमागच्या एका कामावर, ज्याची बातमी क्वचितच होते. मे २०२४ मध्ये दक्षिण कोरियात सोलला ठरलं की देशोदेशीच्या एआय सुरक्षा संस्थांनी, म्हणजे एआय किती सुरक्षित आहे हे तपासणाऱ्या संस्थांनी, जाळं उभारायचं. या संस्थांनी मिळून मॉडेलं दहा भाषांत तपासली. कँटोनीज, फारसी, स्वाहिली, मलय, कोरियन अशा त्या भाषा. इंग्रजीच्या मानानं इतर भाषांत मॉडेलची सावधगिरी थोडी कमी पडते, असं त्यात दिसलं. आप्पांच्या फोनवर मी तेच बघितलं होतं.

त्या दहांत आपल्याकडची तेलुगू होती. मराठी नव्हती. २०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर, तेलुगूपेक्षा थोडे जास्तच. मग आपण का नाही? भारतानंही २०२५ मध्ये स्वतःची एआय सुरक्षा संस्था जाहीर केली आहे. तिनं मराठी या तपासणीत नेली पाहिजे, आणि तीही पुस्तकी नव्हे. गुंठा, सरी, पंप, भरणी हे शब्द ज्याच्या तोंडात रोज आहेत त्यानंच प्रश्न काढायला हवेत. मी दुकानात एक वही ठेवली आहे. गिऱ्हाईक फोनवरचं उत्तर दाखवतं, चुकलेलं असलं की प्रश्न जसाच्या तसा उतरवून घेतो. कृषी महाविद्यालयातल्या कुणाला हवी असेल तर वही देईन.

आप्पांना त्या दिवशी लेबलवरच्या आकड्याला पेनानं गोल करून दिला आणि खाली लिहिलं, 'एकराला'.