एल्कच्या शिकारीसाठी भिशी लावावी का?

वाचकांचे पैशाचे प्रश्न, उत्तरं हिशोबनीस ताईंची

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मूळचा अमरावतीचा, सध्या टेक्ससमध्ये डॅलसजवळ प्लेनोला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ऑफिसमधले तिघं दर ऑक्टोबरला तुमच्या कोलोरॅडोत एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) शिकारीला जातात. यंदा मलाही चल म्हणतायत. त्यांनी गाइडसकट ७,५०० डॉलरचं पॅकेज ठरवलंय. एवढे पैसे हाताशी नाहीत. तीन मार्ग सुचतात : क्रेडिट कार्डावर टाकून हळूहळू फेडायचे, वीकेंडला जेवणाच्या डिलिव्हरीचं काम करायचं, किंवा आम्ही दहा मराठी मित्र महिना २५० डॉलरची भिशी सुरू करतोय त्यात पहिला नंबर मागायचा. बायको एच-फोरवर, म्हणजे माझ्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आहे. तिचं म्हणणं, त्या पैशात दोघं घरी जाऊन येऊ, आणि मांस हवं तर दुकानात मिळतं. काय करू?

उत्तर : पैशाआधी कागदाचं बोलू. पुढचं सगळं त्यावर अडलंय आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि गोळ्या बाळगायला बंदी आहे. विकत घेणं सोडाच, मित्राची रायफल खांद्याला लावून चालणंही त्यात येतं. यातून सुटायची तुमच्यासारख्यांची नेहमीची वाट म्हणजे अमेरिकेतल्या राज्यानं दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. टेक्ससमध्ये यात एक गंमत आहे, म्हणजे ज्याच्यावर बेतेल त्याला गंमत वाटणार नाही. तिथे खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं रानडुक्कर मारायला २०१९ पासून राज्याचं लायसन्स लागत नाही. ऑफिसमधला जॉन म्हणेल, ‘अरे, काही लागत नाही, चल.’ जॉनला लागत नाही. तुम्हाला लागतं, कारण केंद्राच्या कायद्यातली सूट त्या लायसन्सवर टांगलेली आहे. बंदुकीचा गुन्हा व्हिसावाल्याला देशाबाहेर काढण्याचं कारण होऊ शकतो. टेक्ससमध्ये सहा महिन्यांच्या वर राहिला असाल तर रहिवाशाचं लायसन्स २५ डॉलरला मिळतं आणि ३१ ऑगस्टला संपतं. संपल्यावर रायफल कपाटात असली तरी ती तुमच्याचकडे आहे, तेव्हा नवं काढण्यात खंड पडू देऊ नका. तुमच्या केसमध्ये आणखी काही गुंता असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराची फी द्या. ती या छंदातली सगळ्यात स्वस्त वस्तू ठरेल.

आता तुमचे तीन मार्ग.

डिलिव्हरीचं काम विसरा. एच-वन-बीवर ज्या कंपनीनं अर्ज केला तिचंच काम करता येतं. टॅक्स भरला की चालतं, असं मला टॅक्स भरायच्या दर सीझनला कुणीतरी येऊन सांगतं. टॅक्स खातं आणि इमिग्रेशन ही दोन वेगळी घरं आहेत, एकाला खूश केल्यानं दुसऱ्याचं समाधान होत नाही. मारलेल्या जनावराचं मांस विकून खर्च काढू, असंही कुणी सुचवेल. शिकारीचं मांस विकणं बेकायदा आहे. वाटता येतं, दान करता येतं. थोडक्यात, जे काही जमवायचं ते पगारातूनच.

क्रेडिट कार्डाचं गणित मांडा. ७,५०० डॉलर, व्याज वर्षाला २४ टक्के धरा. महिन्याला नुसतं व्याज १५० डॉलर, मुद्दल जिथल्या तिथे. मी खाली जी बचत सांगणार आहे ती महिन्याला याहून कमी आहे.

भिशी मला प्रिय आहे. आमच्या कोल्हापुरात गल्लीतल्या बायकांच्या भिशीवर भांड्यांपासून पाटल्यांपर्यंत सगळं झालेलं मी पाहिलंय. पण तिचं वळण ओळखा. भिशी दर महिन्याला एकालाच पैसे देते आणि शिकारीचा सीझन सगळ्यांना एकाच महिन्यात येतो. पहिला नंबर घेतलात तर तुम्ही पुढचे नऊ महिने मित्रांचे कर्जदार. शेवटचा घेतलात तर बिनव्याजी सावकार, कारण तेच पैसे बचत खात्यात काही ना काही कमावत बसले असते. त्यात तुम्ही दहाही जण व्हिसावर असाल. नोकरी गेली की देशात राहायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्या माणसाला सामान बांधायचं असतं, तो हप्ता कुठून भरणार? आणि त्याच्याकडे मागायची तरी हिंमत कोण करणार? भिशी घरातल्या वस्तूंसाठी खुशाल लावा, यासाठी नको.

मग काय करायचं? मुळात ७,५०० ची सहल तुमची नाहीच. ती तुमच्या सहकाऱ्यांची आहे. ते वर्षानुवर्षं जातायत, त्यांना आता गाइड, घोडा आणि गरम जेवण हवंय. कोलोरॅडोत एल्कसाठी गाइड घ्यायची सक्ती नाही. अलास्कात परदेशी नागरिकाला कुठल्याही मोठ्या जनावरासाठी गाइड लागतो, तो हिशोब वेगळा. आमच्या कोलोरॅडोत अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क आहेत आणि डोंगर बहुतेक सरकारी, म्हणजे सगळ्यांना मोकळे. गनिसनच्या बाजूला किंवा व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबू ठोकून शिकार करणारे लोक कोण असतात? शाळेची बस चालवणारे, प्लंबर, नर्स. मला सुरुवातीला याचंच नवल वाटायचं. आमच्याकडे शिकार म्हणजे राजेरजवाड्यांची. दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव, काळविटांवर सोडायला पाळलेले चित्ते, आणि रयतेचं काम हाकारा घालायचं. इथे रयतच परमिट काढते. १९३७ च्या एका कायद्यानं रायफलींवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. तुम्ही रायफल घ्याल तेव्हा त्या किमतीत तोही असेल.

स्वतःच्या हिमतीवर, तिघांत मिळून केलेल्या सहलीचा अंदाज देते. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कचं लायसन्स आठशे डॉलरच्या आसपास पडतं. (मला रहिवासी म्हणून त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. हे ऐकून टेक्ससवाले दरवर्षी चिडतात.) वर दहा-बारा डॉलरचा हॅबिटॅट स्टॅम्प, म्हणजे जनावरांचं रान राखण्यासाठीचं शुल्क. प्लेनोहून गनिसन गाडीनं पंधरा तासांच्या आसपास, पेट्रोल तिघांत वाटून माणशी १०० धरा. वाटेत एक रात्र मोटेल, आठवड्याचं जेवण, सरावाच्या गोळ्या, बर्फ, किरकोळ मिळून ३९०. झाले १,३००. पहिल्या वेळी सामान लागतं : साधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल दुर्बिणीसकट ७५०, बूट २००, पाठीवरची सॅक २००, थंडीची स्लीपिंग बॅग १५०. तेही १,३००. तंबू आणि चूल मित्रांकडून मागा. माझी स्वतःची रायफल सेकंड-हँड आहे आणि आजवर एकाही एल्कनं त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

एकूण २,६००. पगार पंधरवड्याला होत असेल तर वर्षाला २६ पगार. दर पगाराला ५० डॉलर वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळते करा, एक वर्षात १,३००, दोन वर्षांत २,६००. खातं वेगळ्या बँकेत काढा, त्याचं कार्ड घेऊ नका, आणि फोनवर त्या बँकेचं अ‍ॅप टाकू नका. पैसे दिसले की माणूस बूट बदलतो.

दोन वर्षं थांबायचं म्हणून तोंड वाकडं करू नका, कारण ती रिकामी जाणार नाहीत. पहिल्या वर्षी सामानाचे पैसे जमत जातील तसं सामान घ्या आणि टेक्ससमध्येच शिका. हंटर एज्युकेशनचा कोर्स ऑनलाइन होतो. तुमचा जन्म १९७१ नंतरचा असणार, म्हणजे टेक्ससला तो लागतोच. तेच प्रमाणपत्र कोलोरॅडोत चालतं. टेक्ससची बहुतेक जमीन खाजगी आहे आणि हरणांच्या शिकारीसाठी भाड्यानं घ्यायच्या जमिनीचे (लीजचे) भाव ऐकून घाम फुटेल, पण ४८ डॉलरच्या वार्षिक परमिटावर राज्यानं खुल्या केलेल्या दहा लाख एकरांवर जाता येतं. तिथे डुक्कर, हरीण जे मिळेल त्यावर हात बसवा. चुकून जखमी करून सोडलेलं जनावर दिवसभर शोधत फिरण्यापेक्षा रेंजवरच्या शंभर गोळ्या परवडल्या. आणि जिने चढा. प्लेनो समुद्रसपाटीपासून जेमतेम सातशे फुटांवर, आमचे कॅम्प नऊ-साडेनऊ हजारांवर. पैसे साठवून आलेला आणि पहिल्याच चढावर डोकं धरून बसलेला माणूस मी पाहिलाय. त्याच्या आठशे डॉलरच्या लायसन्सनं तंबूतच आराम केला.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरअखेरच्या रायफल सीझनला या. त्या सीझनची काही लायसन्सं सध्या ड्रॉशिवाय, म्हणजे सोडतीशिवाय मिळतात. मात्र नियम दरवर्षी बदलतात, बाहेरच्यांसाठी जास्तच, तेव्हा त्या त्या वर्षीची पुस्तिका वाचा. ड्रॉमध्ये उतरायचं असेल तर अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. सहकाऱ्यांना ऑगस्टमध्ये जाग येते, तुम्ही त्यांच्यावर विसंबू नका.

आता तुमच्या बायकोचं. ती बरोबर बोलतेय. ‘मांसाचे पैसे वसूल होतील’ हा मुद्दा तिच्यापुढे मांडू नका, हराल. एल्क मिळाला तर दोनशे पौंडांच्या आसपास मांस निघतं हे खरं, पण कोलोरॅडोत साधारण पाचांतल्या एकालाच तो मिळतो. सरासरी काढली तर दुकानातलं मटण स्वस्त पडतं. तुम्ही डोंगरासाठी जाताय, तसं सरळ सांगा. आणि त्याआधी घरी जायच्या तिकिटांची सोय करा. पंधरवड्याच्या पगारात वर्षातून दोन महिने तीन-तीन पगार येतात. घर दोन पगारांवर चालवायची सवय ठेवलीत तर ते दोन जादाचे पगार मोकळे राहतात. त्यातला एक पूर्ण अमरावतीच्या तिकिटांना, दुसरा अडीअडचणीच्या साठ्याला, कारण ६० दिवसांचं भूत तुमच्याही मानगुटीवर आहेच. हे दोन्ही झाल्यावर ५० डॉलरचं कुणी काही म्हणणार नाही. रायफल घरी येईल तेव्हा कुलपाची पेटी घ्या आणि किल्ली स्वतःकडे ठेवा, एच-फोरलाही तोच कायदा लागू आहे. किंवा असं करा, तिलाही विचारा. आमच्या घरी पहिला एल्क मी आणला, नवऱ्यानं नाही.

मिळालाच तर एक सांगून ठेवते. या मांसाला चरबी नसते. मटणासारखं कोरडं परतायला गेलात तर चामडं होईल. तेल सढळ घाला, कुकरच्या शिट्ट्या वाढवा. तांबड्या रश्श्याला मांडीचं मांस, खिम्याला पुढचे पाय.

प्रश्न : ताई, मी ऑस्टिनला एमएस करतोय, एफ-वनवर. शिकारीची आवड आहे पण बंदुकीच्या कायद्याची भीती वाटते आणि खिसाही रिकामा आहे. काही जमेल का?

उत्तर : धनुष्य घे. केंद्रीय कायद्याच्या लेखी धनुष्यबाण ही बंदूक नव्हे, त्यामुळे वरची भानगड तुला नाही. शिकारीचं लायसन्स मात्र लागेलच. सहा महिने टेक्ससमध्ये झाले असतील तर लायसन्स २५, सरकारी जमिनीचं परमिट ४८, फक्त-धनुष्याच्या सीझनसाठी ७, मिळून ८० डॉलर. वापरलेलं कंपाउंड बो (चाकांवरून दोरी फिरणारं धनुष्य) मिळतं, फक्त दुकानात नेऊन दोरी ओढायचा जोर आपल्या हाताला जुळवून घे. बाण परत वापरता येतात, गोळी येत नाही, म्हणून सराव जवळपास फुकट. हरीण वीस-पंचवीस यार्डांवर यायला हवं, तेव्हा पहिली काही वर्षं तू नुसता झाडावर बसून डास मोजशील. थिसिसला वेळ मिळेल.

प्रश्न : मी सांगलीहून लिहिते. माझा मुलगा आयोवात असतो, शिकारीला जातो. येताना हरणाचं शिंग आणून दिवाणखान्यात लावू म्हणतो. आमच्या शेजाऱ्यांकडे जुनं सांबरशिंग आहे, मग आपल्याला काय हरकत?

उत्तर : वहिनी, आणू देऊ नका. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि वन्यप्राण्यांचे अवयव परवानगीशिवाय देशात आणता येत नाहीत. विमानतळावर हे शिंग अमेरिकेतलं की राधानगरीचं, याचा निवाडा होईपर्यंत त्याची सुट्टी संपेल. शेजाऱ्यांचं सांबरशिंग हा त्यांचा प्रश्न. त्याचं मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर तेही अडचणीचंच, आपोआप गळून पडलेलं असलं तरी. पण ते तुम्ही त्यांना सांगायला जाऊ नका. मुलानं फ्रेम केलेला फोटो आणला तर छान. आणि हरणाच्या मांसाचं लोणचं बरणीत भरून आणतो म्हणाला तर तेही नको, मांसाच्या पदार्थांना वेगळा परवाना लागतो.