शाम्पू फाटतोय? आधी क्रम बघ

भावा, निपाणीत घरच्या घरी शाम्पू करतोस, चांगलंय की. पण पॉलिक्वाटर्नियम-१० (केस मऊ करणारा पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू) घातल्यावर गुठळ्या झाल्या म्हणून माल भेसळीचा ठरवू नकोस. पॉलिमरवर धन भार, एसएलईएसवर (शाम्पूतला फेस करून मळ काढणारा पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट) ऋण. ते चिकटणारच.

नुसत्या पाण्यात एसडीएसचे (एसएलईएसच्याच जातीचा सर्फॅक्टंट) मायसेल, म्हणजे रेणूंचे बारीक पुंजके, साधारण ८ मिलिमोलर तीव्रतेला बनतात. उलट भाराची साखळी असली, की तिच्यावर त्याच्या कितीतरी आधीच सर्फॅक्टंट गोळा होतो. दोन्ही भार बरोबरीला आले की पॉलिमर-सर्फॅक्टंटचा गुंता पाण्याबाहेर पडतो, द्रावण फाटतं. सर्फॅक्टंट आणखी वाढव, साखळीवर ऋण भार चढतो आणि बहुतेकदा सगळं परत नितळ होतं. आपली बाटली ह्या पलीकडच्या बाजूला हवी. डोक्यावर पाणी पडलं की मिश्रण पातळ होतं, गुंता वेगळा होऊन केसांवर बसतो. कंडिशनिंग म्हणतात ते मुख्यतः हेच, म्हणून पातळ केल्यावर येणाऱ्या ढगाळपणाला घाबरू नकोस.

पॉलिमर आधी साध्या पाण्यात पूर्ण फुगू दे. मग ढवळत्या एसएलईएसमध्ये बारीक धारेनं सोड. मीठ शेवटी, जरा जरा. त्यानं भारांची ओढ सैल पडते. आणि बोअरचं जड पाणी नको, आरओचंच घे. आधी १०० ग्रॅमच कर, त्यातलं चमचाभर दहापट पाण्यात घालून ढगाळ होतं का बघ.