'हं' म्हणजे हो का?

प्रश्न असा आहे: "मी बोलत असताना सहकारी बाई सारख्या 'हं, हं' म्हणत होत्या. मुद्दा पटला असं धरून मी पुढची कामं सुरू केली. नंतर म्हणाल्या, 'मी नुसतं ऐकत होते.' अशा 'हं'ला मराठीत वेगळा शब्द आहे का?"

आहे की! हुंकार. 'हुम्' हा ध्वनी आणि त्याला 'कार', ओंकार-चीत्कारातला तोच. गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, तो थांबला की सांगणारा विचारतो, "झोपलास का?" हुंकार दिला म्हणून गोष्टीतल्या राजाचं वागणं तुम्हाला पटलं, असं कोणी धरत नाही. संमतीसाठी होकार वेगळा, आणि रुकार म्हणजे तर मंजुरीच. बाईंनी हुंकार दिला, तुम्ही रुकार ऐकलात. ('बंडाचा हुंकार' वगैरेतला गर्जनेचा अर्थ इथे बाजूला ठेवू.)

हा घोटाळा तुमच्या एकट्याचा नाही. डॅनियल माल्ट्झ आणि रूथ बोर्कर या अभ्यासकांनी १९८२ मध्ये नेमकं हेच मांडलं: बायकांचं 'हं' बहुधा 'ऐकतेय, बोला' असं असतं, पुरुषांचं 'पटलं' असं. म्हणून त्याला वाटतं, ही सगळ्यालाच मान डोलावते. तिला वाटतं, याचं लक्षच नाही. हा तर्क होता, मोजमाप नव्हे, आणि सगळ्या बायका-पुरुषांना तो सरसकट लावू नये. साहेबासमोर भलेभले पुरुषही वाक्यावाक्याला हुंकार देतात.

मला स्वतःला पामेला फिशमन यांचं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या तीन जोडप्यांचं घरातलं बोलणं त्यांनी ५२ तास ध्वनिमुद्रित केलं. बायकांचे हुंकार नवऱ्याच्या बोलण्याच्या अधेमधे, त्याचा ओघ न तोडता पडत. नवऱ्यांचं 'हं' बरेचदा बायकोचं सगळं सांगून झाल्यावर, एकदाच. म्हणजे ध्वनी तोच, पण तो कुठे पडतो यावर अर्थ फिरतो. मधे पडला तर 'पुढे सांग', शेवटी एकटाच पडला तर 'संपव आता'.

मराठीत सुराचीही भर आहे. लांबवलेल्या 'हंऽऽ'मध्ये शंका असते, चढ्या 'हं?'मध्ये प्रश्न, आणि आधी नुसता 'अं' लागला की 'अंहं', चक्क नकार.

तेव्हा पुढच्या वेळी "मग हे पक्कं धरू ना?" असं विचारा. उत्तर पुन्हा 'हं' आलं, तर थांबा.